"फोन आत ठेवा" म्हणाले आणि मी ठेवला

आठ-नऊ महिने झाले असतील या गोष्टीला पण डोक्यातून जात नाहीये, म्हणून एकदाचं लिहून टाकतेय.

एका सरकारी ऑफिसच्या बाहेर उभी होते. काम अर्धवट राहिलं होतं, साहेब जेवायला गेलेले, म्हणून वेळ काढत फुटपाथवर आले. इमारत जुनी, दगडी, वरच्या मजल्याच्या खिडकीच्या कडेला चक्क एक झाड उगवलेलं आणि त्याच्या मुळांनी भिंतीला हातभर चीर पाडलेली. बघून वाईट वाटलं. मोबाईल काढला आणि व्हिडिओ घ्यायला लागले, खिडकी, मग चीर, मग खाली येत येत गेट, आणि गेट फ्रेममध्ये आलं तसा गेटवरचा माणूस हात हलवत माझ्याकडेच येताना दिसला.

"ओ मॅडम, शूटिंग चालत नाही इथं."

"दादा, मी तर बाहेर रस्त्यावर उभी आहे."

"ते मला सांगू नका. सरकारी बिल्डिंग आहे. डिलीट करा."

तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला, माझ्या स्क्रीनकडे बघत. मी डिलीट केला. मग म्हणाला, "ते डिलीट झालेलं परत येतं, तिथनं पण काढा." मी तिथनं पण काढला. ११ सेकंदांचा व्हिडिओ होता. तो "हां" म्हणाला आणि परत जाऊन खुर्चीवर बसला, आणि मी तिथेच उभी राहून विचार करत होते की आत्ता नक्की काय झालं, कारण मी कुठला नियम म्हणून विचारलंच नव्हतं आणि त्यानेही सांगितला नव्हता.

ही झाली पहिली गोष्ट, आणि ती एवढ्यावरच राहिली असती तर मी विसरून गेले असते. पण त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी रात्री घरी येताना एका कोपऱ्यावर दोन पोलीस आणि एक मुलगा दिसला, विशीचा असेल. एकाने त्याची कॉलर धरलेली, दुसरा जोरजोरात बोलत होता, मुलाची एक चप्पल पायातून निघून रस्त्याच्या मधोमध पडलेली. त्याने काय केलं होतं मला माहीत नाही. केलंही असेल काहीतरी. माझा हात पर्समध्ये गेला, फोनला लागला, आणि तिथेच राहिला. मला गेटवरच्या माणसाचा आवाज आठवला, खरंच अगदी त्याच शब्दांत. मी सरळ चालत पुढे गेले. पुढे जाऊन मागे वळून पाहिलं तेव्हा कोपऱ्यावर कोणी नव्हतं. चप्पल तेवढी होती.

त्या मुलाचं पुढे काय झालं मला कधीच कळणार नाही, आणि जर काही वाईट झालं असेल तर त्याबद्दल जे काही कुठे लिहिलं गेलं असेल ते त्या दोघांनीच लिहिलं असेल. ही गोष्ट मला त्या रात्री झोपू देईना. तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत सुटलेय, कोर्टाचे निकाल, जुन्या बातम्या, सगळं. आणि जितकं वाचलं तितकं एकच डोक्यात पक्कं होत गेलं, की रस्त्यावरच्या माणसाने पोलिसांचा व्हिडिओ काढणं याला आपण आगाऊपणा समजतो, पण प्रत्यक्षात घडलेल्या गोष्टीची ती दुसरी प्रत असते. पहिली प्रत सरकारकडे असतेच, कायमच असते. दुसरी नसेल तर पहिलीच खरी धरली जाते.

सगळ्यात ढळढळीत उदाहरण सगळ्यांना माहीत आहे पण त्यातली एक गोष्ट लोक विसरतात. २५ मे २०२० ला अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये पोलिसाने मानेवर गुडघा दाबून धरला आणि जॉर्ज फ्लॉइड गेला. त्यानंतर तिथल्या पोलिसांनी जे पहिलं निवेदन काढलं त्याचं शीर्षक साधारण असं होतं, की पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय कारणाने एका माणसाचा मृत्यू. आत लिहिलं होतं की त्याने प्रतिकार केला, त्याला बेड्या घातल्या, मग त्याची तब्येत बिघडल्यासारखी दिसली म्हणून अँब्युलन्स बोलावली. मानेवर गुडघा, हा शब्दच नाही. अख्ख्या निवेदनात नाही. आता त्याच वेळी तिथे डार्नेला फ्रेझर नावाची १७ वर्षांची मुलगी होती, ९ वर्षांच्या चुलत बहिणीला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात निघालेली. तिने बहिणीला आत पाठवलं, स्वतः बाहेर आली आणि फोन वर धरला, आणि जवळजवळ दहा मिनिटं तो खाली केला नाही. समोर पोलीस उभा, तो सगळ्यांना मागे सरका म्हणतोय, मिरचीच्या स्प्रेची धमकी, आणि ही पोरगी उभी. त्याच रात्री तिने तो व्हिडिओ फेसबुकवर टाकला. खटल्यात सिद्ध झालं की गुडघा ९ मिनिटं २९ सेकंद होता. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्या अधिकाऱ्याला खुनासाठी दोषी ठरवलं, साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली, आणि २०२१ मध्येच पुलित्झर या पत्रकारितेच्या मोठ्या पुरस्कारवाल्यांनी या मुलीला विशेष सन्मान दिला.

मी ते निवेदन परत परत वाचलंय. त्यातलं एखादं वाक्य घेतलं तर धडधडीत खोटं म्हणता येईल असं थोडंच आहे, हीच त्यातली भयंकर गोष्ट आहे. बेड्या घातल्या होत्या, बरोबर. अँब्युलन्स बोलावली होती, बरोबर. फक्त मधली नऊ मिनिटं गायब. आणि ती मुलगी दुकानात आत गेली असती, माझ्यासारखी सरळ चालत पुढे गेली असती, तर कदाचित आज आपल्याला फ्लॉइड हे नावच माहीत नसतं.

लोक म्हणतात की आता पोलिसांच्या अंगावरच कॅमेरे असतात, बॉडीकॅम, मग तुम्ही कशाला मध्ये पडता. ठीक आहे, चांगलीच गोष्ट आहे ती, मी विरोधात नाहीये. पण त्या दिवशीही बॉडीकॅम होते! ज्याचा गुडघा होता त्याचा कॅमेरा झटापटीत निघून गाडीखाली जाऊन पडला होता. बाकीच्या अधिकाऱ्यांचं रेकॉर्डिंग होतं पण ते लोकांना बघायला मिळायला ऑगस्ट उजाडला, म्हणजे दोन महिन्यांच्या वर. डार्नेलाचा व्हिडिओ काही तासांत जगाने पाहिला. बॉडीकॅमचं फुटेज कोणाच्या ताब्यात, ते कधी द्यायचं, कितपत द्यायचं, हे सगळं ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच खात्याच्या हातात असतं, त्यामुळे ती पहिल्या प्रतीचीच आणखी एक झेरॉक्स झाली.

आणि हे एकदाच झालंय असं नाही. लंडनमध्ये १ एप्रिल २००९ ला जी-२० परिषदेच्या वेळी निदर्शनं चालू होती, इयन टॉमलिन्सन नावाचा पेपर विकणारा माणूस, निदर्शनांशी काही संबंध नाही, काम संपवून घरी निघालेला, रस्त्यात कोसळला आणि गेला. सुरुवातीला पोलिसांकडून आलेलं चित्र असं होतं की पोलीस त्याला मदत करत होते आणि गर्दीतून त्यांच्यावर बाटल्या येत होत्या. सहा दिवसांनी एका वाटसरूने, कामानिमित्त लंडनला आलेल्या एका अमेरिकन माणसाने, आपल्याकडचा व्हिडिओ गार्डियन या वृत्तपत्राला दिला, त्यात दिसतं की टॉमलिन्सन खिशात हात घालून पाठमोरा चाललाय आणि पोलीस मागून त्याला काठी मारून जोरात ढकलतोय. ज्युरीने २०११ मध्ये तो मृत्यू बेकायदेशीर ठरवला. पुढच्या वर्षी त्या पोलिसावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला त्यात मात्र तो सुटला, नंतर नोकरी गेली त्याची. म्हणजे व्हिडिओ असला की न्याय मिळतोच असं मी म्हणतच नाहीये. लॉस एंजेलिसमध्ये ३ मार्च १९९१ च्या मध्यरात्री जॉर्ज हॉलिडे या माणसाने आपल्या बाल्कनीतून नव्या हँडीकॅमवर रॉडनी किंग या माणसाला पोलिसांची चाललेली मारहाण टिपली, काठीचे ५० च्या वर फटके, सगळं दिसतंय, आणि तरी पुढच्या वर्षी राज्याच्या कोर्टात ते पोलीस सुटले आणि शहर पेटलं. पण त्यात मला जी गोष्ट लागली ती वेगळीच. हॉलिडेने टेप घेऊन आधी पोलीस स्टेशनलाच फोन केला होता. की बाबा मी असं असं पाहिलंय. तिकडे कोणाला काही पडलेलं नव्हतं. मग त्याने टेप टीव्ही स्टेशनला नेऊन दिली.

आता इमारतींचं. कारण माझं सुरू तिथूनच झालं.

२००९ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये एक तरुण फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टाच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत उभा राहून एका आंदोलकाचा व्हिडिओ काढत होता. त्याला पकडलं, मेमरी कार्ड काढून घेतलं, कारण काय तर फेडरल इमारतीचं चित्रण. त्याने सरकारवर केस केली आणि २०१० च्या ऑक्टोबरात तडजोड झाली, त्यात सरकारने लेखी मान्य केलं की लोकांना जिथे मुक्तपणे जाता येतं अशा जागेवरून फेडरल इमारतींचा बाहेरून फोटो घ्यायला मनाई करणारा असा सरसकट नियमच नाही, आणि हे इमारतींची राखण करणाऱ्या आपल्या सगळ्या माणसांना कळवायचं. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर तो गेटवरचा माणूस आला. नियमच नाही! तिथेसुद्धा इतकी वर्षं नुसत्या "चालत नाही" वर चाललं होतं. गेटवर उभ्या असलेल्या माणसाला कोणीतरी कधीतरी तोंडी सांगितलेलं असतं, तो पुढच्याला सांगतो, आणि वीस वर्षांनी तो कायदा वाटायला लागतो. त्या माणसावर माझा राग नाहीये खरं तर. त्याला कोणी कागद दिलाच नव्हता.

दुसरी केस टेक्सासची, फोर्ट वर्थ. २०१५ मध्ये एक माणूस पोलीस स्टेशनच्या समोर, रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून, स्टेशनचा व्हिडिओ काढत होता. पोलीस आले, ओळखपत्र मागितलं, त्याने दिलं नाही, विचारलं की मला अटक केलीये का, मग बेड्या घालून गाडीत मागे बसवलं, काचा बंद. नंतर सोडून दिलं. अपील कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं की पोलिसांचं चित्रण करायचा हक्क संविधानात आहे, वाजवी मर्यादांसह. पण त्याच निकालात असंही की घटना घडली तेव्हा त्या भागात हा हक्क पुरेसा स्पष्ट ठरलेला नव्हता म्हणून हक्क डावलल्याच्या मुद्द्यावर त्या पोलिसांवर दावा चालणार नाही. म्हणजे हक्क तुझा होता, पण त्यांना तो माहीत असायला हवा होता असं म्हणता येत नाही. वाचून मी फोन खाली ठेवला आणि थोडा वेळ नुसती बसले.

या सगळ्यात ज्या निकालाचं नाव सारखं येतं तो बॉस्टनचा. १ ऑक्टोबर २००७, सायमन ग्लिक नावाचा वकील बॉस्टन कॉमन या बागेजवळून चाललेला, तीन पोलीस एका तरुणाला धरत होते, कोणीतरी ओरडलं की अहो लागतंय त्याला, तर हा काही फुटांवर उभा राहिला आणि मोबाईलवर रेकॉर्ड करायला लागला. मधे पडला नाही, काही केलं नाही. पोलिसाने विचारलं आवाज पण रेकॉर्ड होतोय का, हा हो म्हणाला, आणि त्यावरून त्याला अटक, चोरून संभाषण टेप केल्याचा गुन्हा. चोरून! समोर फोन धरून उभा असलेला माणूस. गुन्हे टिकले नाहीत, मग त्याने उलट केस केली, २०११ मध्ये अपील कोर्टाने स्पष्ट सांगितलं की सार्वजनिक जागी कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसांचं चित्रण हा मूलभूत हक्क आहे, आणि २०१२ मध्ये शहराने त्याला १,७०,००० डॉलर दिले. इलिनॉय राज्यात तर पोलिसांचा आवाज त्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड केला तर १५ वर्षांपर्यंत तुरुंग अशी तरतूद होती, ती पण २०१२ मध्ये कोर्टाने अडवली. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अजून या प्रश्नावर थेट निकाल दिलेला नाही, पण निम्म्याहून जास्त फेडरल अपील कोर्टांनी हा हक्क मानलाय.

बाकी देशांचं थोडक्यात सांगते, कारण सगळीकडे तीच ओढाताण आहे. ब्रिटनमध्ये लंडनच्या पोलिसांच्याच स्वतःच्या सूचनांमध्ये लिहिलंय की सार्वजनिक जागी फोटो किंवा व्हिडिओ काढायला परवाना लागत नाही आणि पोलिसांना तो थांबवायचा अधिकार नाही, तरी दहशतवादाच्या कायद्याखाली फोटोग्राफर लोकांना इतकं अडवलं गेलं की २०१० च्या जानेवारीत ते ट्रॅफल्गर चौकात कॅमेरे घेऊन गोळा झाले, आम्ही फोटोग्राफर आहोत दहशतवादी नाही म्हणून. फ्रान्समध्ये २०२० च्या शेवटी सत्ताधारी पक्षाने असा कायदा आणला की पोलिसांना इजा व्हावी अशा हेतूने त्यांचा चेहरा प्रसारित केला तर एक वर्ष कैद आणि ४५,००० युरो दंड, आता हेतू कोण ठरवणार तर आधी तिथे उभा असलेला पोलीसच ठरवणार ना, लोक रस्त्यावर आले आणि २०२१ च्या मे महिन्यात तिथल्या संविधान परिषदेने ते कलम, तोवर शब्द बदललेले होते तरी, रद्द केलं. स्पेनमध्ये २०१५ पासून पोलिसांच्या चित्रांच्या "विनापरवाना" वापराला ३०,००० युरोपर्यंत दंड होता, २०२० मध्ये तिथल्या संविधान कोर्टाने तो विनापरवाना शब्दच काढून टाकला.

आणि भारतात १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट, म्हणजे सरकारी गुपितांचा कायदा, इंग्रजांनी हेरांविरुद्ध केलेला. तो पोलीस स्टेशनात मोबाईलवर रेकॉर्डिंग करणाऱ्या साध्या माणसांना लावला गेलाय. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं की त्या कायद्यात "निषिद्ध जागा" म्हणजे काय याची व्याख्या दिलेली आहे आणि त्यात पोलीस स्टेशन बसत नाही, सबब तिथलं रेकॉर्डिंग हा त्या कायद्याखाली गुन्हा नाही. औरंगाबाद खंडपीठानेही २०२४ मध्ये तेच सांगितलं. लष्कराच्या जागा, शस्त्रांचे कारखाने, गोदी, हे त्या व्याख्येत आहे आणि तिथे खरंच फोन काढू नये, ते वेगळं. आणि ज्याची सगळ्यांना भीती घातली जाते ते सरकारी कामात अडथळ्याचं कलम, जुनं ३५३, आता नव्या संहितेत १३२, त्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. लांब उभं राहून फोन धरणं म्हणजे हल्ला नाही. सुप्रीम कोर्टाने तर २ डिसेंबर २०२० ला प्रत्येक पोलीस स्टेशनात सीसीटीव्ही लावा, आवाजासकट लावा आणि १८ महिने रेकॉर्डिंग सांभाळा असा आदेश दिलाय. जिथे भिंतीवरच्या कॅमेऱ्याने आवाजासकट रेकॉर्ड करायचं असं कोर्टच म्हणतं तिथे माणसाच्या हातातला कॅमेरा एवढा का खुपतो?

आता एक अडचणीची गोष्ट, ती टाळणार नाही. यूट्यूबवर "ऑडिट" करणारे लोक आहेत, तुम्ही पाहिले असतील. पोस्ट ऑफिस, लायब्ररी, कुठल्याही सरकारी काउंटरवर कॅमेरा घेऊन जायचं, कर्मचाऱ्याच्या तोंडापुढे धरायचा, तो वैतागला की वाद, वादाला व्ह्यूज. मी असे तासनतास व्हिडिओ पाहिलेत आणि माझं मत दोन्ही बाजूंनी ओढलं जातं. काहींनी खरोखर पोलिसांना नियम वाचायला लावलेत, फोर्ट वर्थसारख्या केसमधून बाकीच्यांचा रस्ता मोकळा झालाय हे नाकारता येत नाही. पण काउंटरवरची एक बाई, तिच्याकडे कसलाही अधिकार नाही, कोणाला अटक करणार नाहीये, ती रडकुंडीला आलीये आणि हा बाबा तिच्या नावाची पाटी झूम करतोय, याला मी देखरेख म्हणणार नाही. आणि रस्ता वेगळा, आतली लॉबी वेगळी, आत कोर्टरूम किंवा दवाखान्यासारखी जागा अजून वेगळी, हे कोर्टांनीही मानलंय. आत शिरल्यावर त्या जागेचे वाजवी नियम लागू होतात. मला यात सगळ्यात जास्त त्रास याचा होतो की या लोकांमुळे गेटवरच्या माणसाला प्रत्येक फोन म्हणजे भांडण वाटायला लागतं आणि मग चिरेचा व्हिडिओ काढणाऱ्या बाईलाही तो तसाच धावून येतो.

माझी एक मैत्रीण पोलिसात आहे, तिच्याशी मी यावर खूप वाद घातला. ती म्हणाली, "अगं तुला काय जातंय बोलायला, चार तास समजावून मग एकदा ओरडले तर तेवढेच दहा सेकंद व्हायरल होतात, माझ्या मुलीच्या शाळेत जातात ते दहा सेकंद." यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. खरंच आहे ते. कापलेली क्लिप ही पण अर्धवट प्रतच, मधली नऊ मिनिटं गायब करणारं निवेदन आणि आधीचे चार तास गायब करणारी क्लिप यांत मला फरक कसा करता येईल. नंतर दोन दिवसांनी मी तिला फोन केला आणि म्हटलं की म्हणूनच पूर्ण काढलेला व्हिडिओ तुझ्याच कामाचा आहे, तू चार तास समजावत होतीस हे दाखवायला दुसरं आहे काय तुझ्याकडे? ती म्हणाली, "ते बरोबर आहे, पण पूर्ण काढतं कोण?"

तर मी पूर्ण काढायचं ठरवलंय. काय ठरवलं ते सांगते, उपयोग झाला तर घ्या. सुरुवातीपासून सोडायचं नाही, मधे बंद करून परत चालू करायचं नाही, कारण जोड दिसला की शंका येते. फोन आडवा, दोन्ही हातांनी. लांब उभं राहायचं, ॲरिझोनात २०२२ मध्ये आठ फुटांच्या आत चित्रण करायला बंदी घालणारा कायदा केला होता आणि कोर्टाने तो अडवला, तरी मी म्हणते आठ काय पंधरा फुटांवर उभं राहा, झूम आहे ना, पोलिसाला हात पसरून काम करायला जागा हवीच. मागे सरका म्हणाले की सरकायचं, फोन चालू ठेवून सरकायचं. आणि तोंड बंद. हे मला सगळ्यात अवघड जाणार आहे. पण आपण बडबडलो की समोरचा आवाज बुडतो, आणि त्या आवाजासाठीच तर उभं राहिलोय. मध्ये एकदा हळू आवाजात जागा आणि वेळ सांगायची, रस्त्याची पाटी फ्रेममध्ये घ्यायची, बास. फोनचं चेहऱ्याने उघडणं मी बंद करून टाकलंय, नंबरच टाकावा लागतो, आणि व्हिडिओ आपोआप क्लाउडवर जाईल असं सेटिंग केलंय, म्हणजे डिलीट करा म्हटलं तरी.

डिलीट करा म्हटलं तरी करायचा नाही हे तर आहेच. कोणी मागितलाच तर शांतपणे विचारायचं की कुठल्या नियमाखाली, आणि जप्तीचा कागद द्या. हे मी आरशासमोर बोलून बघितलंय, सांगायला लाज नाही, कारण त्या दिवशी गेटवर माझ्या तोंडातून शब्दच फुटला नव्हता आणि तो तसा आयत्या वेळी फुटत नाही.

गेल्या महिन्यात परत त्या ऑफिसात जावं लागलं. काम झाल्यावर मी मुद्दाम त्याच जागी जाऊन उभी राहिले, फुटपाथवर, आणि फोन काढला. हात थरथरत होता, व्हिडिओत दिसतोय. झाड आता अजून मोठं झालंय, चीर खालच्या मजल्यापर्यंत आलीये. गेटवर दुसरा माणूस होता, तो आला आणि विचारलं, "काय काढताय?" मी म्हटलं, "ती चीर, दादा." त्याने वर पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "पावसात तिथनं आत पाणी येतं." आणि गेला. ४० सेकंदांचा व्हिडिओ आहे माझ्याकडे, त्यात त्याचं हे वाक्य पण आहे.

पोलिसांच्या बाबतीत मात्र मला अजून तशी वेळ आलेली नाही आणि आली तर मी उभी राहीन की नाही हे मी छातीठोकपणे लिहू शकत नाही. त्यावर एकच गोष्ट मला धीर देते, ती फायडिन सान्तानाची. ४ एप्रिल २०१५, नॉर्थ चार्ल्सटन, दक्षिण कॅरोलायना. हा माणूस सकाळी कामावर चाललेला, न्हाव्याच्या दुकानात काम करायचा. समोर पोलीस आणि वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस यांची झटापट दिसली, याने फोन काढला. स्कॉट पळायला लागला, पाठमोरा, आणि पोलिसाने मागून आठ गोळ्या झाडल्या, पाच लागल्या. पोलिसाचं म्हणणं पडलं की त्याने माझी टेझर गन, म्हणजे विजेचा झटका देणारी बंदूक, हिसकावली आणि मला जिवाची भीती वाटली. सान्ताना घाबरला. त्याने नंतर स्वतः सांगितलंय की व्हिडिओ पुसून टाकावा आणि गाव सोडून जावं असं त्याच्या मनात आलं होतं. किती माणूस आहे हे, मला इतकं जवळचं वाटलं ते वाचून. पण त्याने पुसला नाही. पोलिसांचं म्हणणं बातम्यांत आलं आणि ते त्याने पाहिलेल्यापेक्षा वेगळं होतं, तेव्हा त्याला राहवलं नाही. आणि तो नेटवर टाकायला धावला नाही, तो आधी स्कॉटच्या घरच्यांकडे गेला.

हे मी माझ्यासाठी ठेवून दिलंय. कोपऱ्यावरच्या त्या मुलाचा व्हिडिओ मी त्या रात्री काढला असता तर काय केलं असतं, ग्रुपवर टाकला असता? कॉलर धरलेला, एक पाय अनवाणी, चेहरा स्पष्ट. त्याच्या आईने तो कुठल्यातरी ग्रुपवर पाहिला असता. सान्तानाने आपला फोन आधी स्कॉटच्या भावाला दाखवला. व्हिडिओ त्या घराच्या हातात दिला, त्यांच्या वकिलामार्फत तो बाहेर गेला, ७ एप्रिलला जगाने पाहिला आणि त्याच दिवशी त्या पोलिसाला अटक झाली.